गाडीच्या नॅव्हिगेशनमधली हार्ड डिस्क बदलायची, तर आधी काय आणि मग काय

नॅव्हिगेशन सुरू व्हायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागतो. नकाशा जवळ-लांब करताना पडदा मध्येच थिजतो, साठवलेलं गाणं अर्ध्यात तुटतं आणि एके दिवशी गाडीच्या कंपनीचं चिन्ह पडद्यावर येतं ते हलतच नाही. हार्ड डिस्क असलेल्या युनिटमध्ये ही लक्षणं याच क्रमाने दिसली, तर संशय पहिल्यांदा डिस्कवर घ्यावा. युनिटचा बोर्ड सहसा ठणठणीत असतो. झिजतो तो त्यातला एकमेव सतत फिरणारा भाग.

पायोनिअर या जपानी कंपनीने २००१ मध्ये हार्ड डिस्कवर चालणारं नॅव्हिगेशन आणलं. पुढची दहा-बारा वर्षं महागड्या गाड्यांमध्ये हीच पद्धत रुळली. आधीच्या डीव्हीडीवर नकाशा शोधायला वेळ लागे आणि गाणी साठवायला जागाच नव्हती. डिस्कने दोन्ही अडचणी सोडवल्या. त्या काळातल्या युनिटमध्ये २०, ३०, ४० किंवा ८० जीबीची डिस्क सापडते. तिच्यावर केवळ नकाशा नसतो. बऱ्याच युनिटमध्ये संपूर्ण कार्यप्रणाली, बोलून रस्ता सांगणाऱ्या आवाजाच्या फायली, गाण्यांची माहिती आणि नकाशाचा परवाना हे सगळं त्याच डिस्कवर असतं. म्हणून कोरी डिस्क आणून बसवली की काम झालं, असं इथे होत नाही. लॅपटॉपला इन्स्टॉलेशनची डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह तरी असतो. या युनिटसाठी मालकाच्या हातात तसं काहीच नसतं.

यावरूनच कामाचा क्रम ठरतो. लोक याला अपग्रेड म्हणतात, पण खरं काम जुन्या डिस्कवरचा मजकूर सहीसलामत बाहेर काढण्याचं आहे. नवी डिस्क सगळ्यात शेवटी विकत घ्यावी. आधी जुनी डिस्क वाचता येते का ते पाहावं, तिची सेक्टर-दर-सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक लहान कप्प्याची जशीच्या तशी, प्रत संगणकावर घ्यावी, आणि मगच पुढचा खर्च करावा. डिस्क अजून धडपडत का होईना चालत असेल, तर हे काम आजच हाती घ्या. पूर्ण बंद पडल्यावर हेच काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत जातं आणि तिथेही यशाची खात्री कोणी देत नाही.

लॅपटॉपची डिस्क का चालत नाही

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. २.५ इंची, ९.५ मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूची भोकंही त्याच जागी. फरक आत आहे. साध्या लॅपटॉपच्या डिस्कला काम करण्यासाठी साधारण ५ ते ५५ किंवा ६० अंश सेल्सिअस तापमान नेमून दिलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागचं तापमान याच्या सहज वर जातं, कारण शेजारी ॲम्प्लिफायर असतो आणि हवा खेळायला जागा नसते. गाडीसाठी बनवलेल्या डिस्क उणे ३० ते ८५ अंशांपर्यंत चालाव्यात अशा बांधलेल्या असतात. त्यासाठी बेअरिंगमधलं वंगण वेगळं असतं आणि तबकड्या मिनिटाला ५४०० ऐवजी ४२०० फेऱ्यांनीच फिरवल्या जातात.

दुसरी गोष्ट उंचीची. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही; फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगतं. उंच घाटात हवा विरळ होते आणि हेड खाली येतं. साध्या डिस्कची मर्यादा समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटर असते, गाडीच्या डिस्कची ५००० मीटरच्या पुढे. तिसरी गोष्ट हादऱ्यांची, आणि तिथे डिस्कइतकाच तिच्या भोवतीचा रबरी झोळा महत्त्वाचा. त्याबद्दल बसवताना बोलू.

साधी डिस्क बसवून युनिट चालू झालं, म्हणून गैरसमज होतो. ती पहिल्या दिवशी चालतेच. अडचण पहिल्या कडक उन्हाळ्यात किंवा गोठत्या पहाटे येते.

डिस्क ओळखणं

युनिट बाहेर काढण्याआधीच शक्य तितकी माहिती जमवा: गाडीचं साल, युनिटचा भाग क्रमांक, त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. शेवटची दोन सहसा सेटिंगमध्ये दिसतात. पडद्याचे फोटो काढून ठेवा. डिस्कची जोडणी दोनपैकी एक असेल. जुन्या युनिटमध्ये ४४ पिनांची पाटा, म्हणजे आयडीई: दोन ओळींत बारीक टाचण्या, दोन टाचण्यांमधलं अंतर २ मिलिमीटर. नंतरच्या युनिटमध्ये चपट्या दातांची साटा. तोशिबाच्या गाडीसाठीच्या डिस्कच्या मॉडेल क्रमांकाचा शेवट यासाठी कामाचा आहे: ‘जीएसी’ असेल तर पाटा, ‘जीएससी’ असेल तर साटा.

पाटाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. ४४ पिनांमध्ये डेटा आणि वीज एकत्रच असतात. ४१ आणि ४२ क्रमांकाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, ४३ वर अर्थिंग. २० क्रमांकाची पिन मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे कनेक्टर उलटा बसू नये. मात्र स्वस्त केबलमध्ये ते भोक बुजवलेलं नसतं. कनेक्टर उलटा किंवा एक पिन सरकून बसला तर ५ व्होल्ट भलत्याच ठिकाणी जातात, आणि त्यात डिस्कचा बोर्ड व युनिट दोन्ही जळू शकतात. बाजूच्या चार सुट्या पिना जंपरच्या; जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, ती डिस्क मास्टर (मुख्य) की स्लेव्ह (दुय्यम) हे ठरवते. जुन्या डिस्कवर जंपर होता की नव्हता, याचा फोटो काढा आणि नव्यावर तोच अर्थ होईल असं ठेवा. बहुतेक २.५ इंची डिस्क जंपर नसताना मास्टर असतात.

युनिट बाहेर काढताना

बॅटरी सोडण्याआधी रेडिओचा सुरक्षा कोड हाताशी आहे ना ते पाहा. तो नसेल तर जोडणी परत केल्यावर युनिट कोड मागेल आणि काम अडून बसेल. इग्निशन बंद करून काही मिनिटं थांबा, कारण पडदा विझला तरी युनिट आतून चालूच असतं आणि डिस्कवर शेवटची नोंद करत असतं. मग बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा. डॅशबोर्डच्या त्या भागाजवळ एअरबॅगची वायरिंग असेल, तर सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला वेळ जाऊ द्या.

पट्ट्या उचकटायला प्लास्टिकचीच पाती वापरा. स्क्रू बहुधा टॉर्क्स प्रकारचे, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचे, असतात. चुकीच्या मापाचा पाना घातला की डोकं घासतं आणि मग तास जातो. युनिटमागे लाल-नारिंगी उजेड दिसणारी प्लास्टिकची तार असेल, तर ती गाडीतली ध्वनी-चित्र उपकरणं जोडणाऱ्या मोस्ट जाळ्याची प्रकाशतंतू तार आहे. तिला २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. एकदा मुडपली की आतून पांढरी रेघ पडते, उजेड पुढे जात नाही, आणि ॲम्प्लिफायरपासून फोनपर्यंत सगळं गप्प होतं. त्या टोकात बोट घालू नका, धूळही जाऊ देऊ नका.

डिस्क सहसा पत्र्याच्या छोट्या पेटीत असते आणि ती पेटी चार रबरी किंवा जेल भरलेल्या ठोकळ्यांवर टांगलेली असते. बोर्डाला जोडणारी केबल अनेकदा सपाट पट्टीची असते. तिच्या कनेक्टरची खिट्टी वर उचलायची किंवा पुढे सरकवायची असते. ओढून काढली तर खिट्टी तुटते आणि ती सुटी मिळत नाही. हाताला अँटिस्टॅटिक (अंगातली स्थिर वीज वाहून नेणारा) पट्टा बांधा.

कुलूप

इथे बहुतेकांचं काम थांबतं, म्हणून जरा सविस्तर. पाटा आणि साटाच्या नियमांतच एक सुरक्षा सोय आहे: डिस्कला ३२ बाइटपर्यंतचा पासवर्ड देता येतो. अनेक युनिटनिर्माते ती वापरतात. वीज आली की डिस्क कुलूपबंद असते, युनिट तिला पासवर्ड पाठवतं आणि मग ती वाचू देते. वीज गेली की पुन्हा बंद. अशी डिस्क संगणकाला जोडली की तिचं नाव, मॉडेल, क्षमता सगळं दिसतं, पण पहिला सेक्टर वाचायला गेलं की त्रुटी येते. डिस्क खराब झाली असं वाटून लोक ती टाकून देतात!

खात्री करणं सोपं आहे. लिनक्सवर एचडीपार्म नावाचं साधन आहे. त्याला मोठ्या ‘आय’चा पर्याय देऊन डिस्कची ओळख मागवा. शेवटी सुरक्षेचा विभाग येतो. तिथे ‘लॉक्ड’ या शब्दाआधी ‘नॉट’ नसेल तर कुलूप आहे. त्याखालीच ‘फ्रोझन’ दिसेल. ती वेगळी अवस्था: संगणक सुरू होताना त्याचा बायोस, म्हणजे आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, डिस्कच्या सुरक्षेचे आदेश गोठवतो. संगणक स्लीपमध्ये घालून उठवला की हे गोठणं बहुधा सुटतं. ही तपासणी शक्यतो संगणकाच्या थेट पोर्टवर करा. यूएसबी ॲडॅप्टर हे आदेश पुढे पाठवतीलच असं नाही.

पासवर्डचे अंदाज करत बसू नका. पाच चुका झाल्या की डिस्क वीज बंद-चालू करेपर्यंत कुठलाच पासवर्ड घेत नाही. मास्टर, म्हणजे दुसरा राखीव, पासवर्डही दरवेळी उपयोगी नाही: सुरक्षेची पातळी ‘मॅक्सिमम’ असेल तर मास्टर पासवर्डने कुलूप उघडत नाही, डिस्क फक्त पूर्ण पुसता येते. ‘सिक्युरिटी इरेज’ नावाचा आदेश हेच करतो. कुलूप काढण्याचा उपाय म्हणून तो कुठे वाचलात, तर त्यानंतर उरते ती कोरी डिस्क, हे आधी लक्षात घ्या.

युनिटकडून कुलूप उघडून घ्यायचं आणि वीज न तोडता डेटाची केबल संगणकाकडे वळवायची, असाही प्रकार काही जण करतात. साटामध्ये वीज आणि डेटाचे भाग वेगळे असल्याने ते जमण्यासारखं असतं. पाटामध्ये दोन्ही एकाच कनेक्टरमध्ये असल्याने चालू विजेवर एक पिन घसरली तरी युनिटचा बोर्ड जातो. ज्यांच्याकडे वेगळी वीज देणारी मधली केबल आणि सवयीचा हात आहे, अशा दुरुस्तीवाल्याकडेच हे काम द्यावं.

प्रत घेणं

कुलूप नसेल किंवा उघडलं असेल, तर लगेच प्रत घ्या. विंडोजला जोडलं तर ‘डिस्क वापरण्यासाठी इनिशियलाइझ करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असा प्रश्न येईल. तो नाकारा. ‘हो’ म्हटलं की पहिल्या सेक्टरमध्ये लिखाण होतं आणि युनिटला डिस्क अनोळखी होते. विंडोजला यातलं काही वाचता येत नाही, कारण बऱ्याच युनिटची कार्यप्रणाली क्यूएनएक्स असते आणि तिची फाइल मांडणी वेगळी. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या एका विभागाचा, प्रकार ७७, ७८, ७९ असेल तर जुनी क्यूएनएक्स ४, आणि १७७ ते १७९ असेल तर क्यूएनएक्स ६. लिनक्स दोन्ही वाचू शकतं, पण त्यावर लिहू शकत नाही.

साधन एकच सुचवू: जीएनयू डीडीरेस्क्यू. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरशी अडते. हे साधन चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांची नोंद वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि नंतर त्याच जागांवर परत येतं. पहिली फेरी लहान ‘एन’ पर्यायाने करा, म्हणजे ते खराब भाग खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर ३’ देऊन उरलेल्या जागा तीनदा वाचायला लावा. प्रत संगणकावरच्या फाइलमध्ये घ्या, थेट नव्या डिस्कवर नको. त्या फाइलवरून पुढे कितीही डिस्क बनवता येतात, आणि जुनीला पुन्हा फिरवावं लागत नाही. मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल ही या कामातली सर्वात महाग चूक आहे. डिस्कचा क्रमांक वाचून आदेश लिहा, ‘दुसरी जोडली तीच असेल’ या भरवशावर नको.

सेकंदाला २० एमबी वेग मिळाला तर निरोगी ४० जीबी डिस्क पाऊण तासाच्या आत उतरते. खराब सेक्टर असतील तर रात्रभर चालू शकते; तिच्यावर छोटा पंखा सोडा. डिस्कची स्वतःची आरोग्यनोंदही (‘स्मार्ट’) बघा. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे अजून न वाचता आलेले. १९७ चा आकडा तासागणिक वाढत असेल तर आधी प्रत पूर्ण करा, चौकशी नंतर. कुठले सेक्टर हरवले हे मॅप फाइलमधून कळतं. गाण्यांच्या भागातले हरवले तर एखादं गाणं जाईल. कार्यप्रणालीच्या भागातले हरवले तर युनिट सुरू होणार नाही आणि दुसऱ्या चांगल्या डिस्कची प्रत शोधावी लागेल.

आता नवी डिस्क

पहिला पर्याय गाडीसाठीच बनलेली हार्ड डिस्क. अडचण अशी की पाटा प्रकारात आता मिळतात त्या बहुधा जुन्या साठ्यातल्या किंवा वापरलेल्या. घेताना वापराचे तास बघा.

आमच्या मते पाटा युनिटसाठी सर्वात समाधानकारक पर्याय ४४ पिनांची औद्योगिक एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर साठवणारी डिस्क, आहे. फिरणारा भागच नसल्याने उंची आणि हादरे हे प्रश्न संपतात. तापमानाची श्रेणी मात्र वाचून घ्या. साधी एसएसडी ० ते ७० अंशांसाठी असते, औद्योगिक उणे ४० ते ८५ साठी. दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात आणि फरक मॉडेलच्या शेवटच्या अक्षरांत लपलेला असतो. फ्लॅश मेमरीला उष्णता दुसऱ्या प्रकारेही मानवत नाही: वीज नसताना तापलेल्या चिपमधला विद्युतभार हळूहळू झिरपतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानकसंस्थेचं मानक साध्या वापराच्या एसएसडीकडून लेखनमर्यादा संपल्यावर ३० अंशांवर १ वर्ष विजेविना डेटा टिकावा अशी अपेक्षा ठेवतं. गाडीतलं तापमान यापेक्षा जास्तच असतं. नकाशाच्या वापरात लेखन फार कमी होत असल्याने हे लगेच जाणवत नाही. तरी प्रत्येक पेशीत जास्त बिट कोंबणारी स्वस्त क्यूएलसी मेमरी इथे टाळावी, कमी बिट ठेवणारी एमएलसी किंवा चांगली टीएलसी घ्यावी.

तिसरा मार्ग एमसाटा, म्हणजे छोट्या उघड्या कार्डासारखी, एसएसडी आणि तिला ४४ पिनांत बसवणारा ॲडॅप्टर. स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा चालतो. पण यात पाटाचं साटात रूपांतर करणारी चिप आणि ५ व्होल्टचे ३.३ करणारा भाग असे दोन जास्तीचे तापणारे घटक येतात. कुलुपाचे आदेशही त्या चिपमधून नीट जातीलच असं नाही. चौथा, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. ते मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे ॲडॅप्टर म्हणजे निव्वळ तारा. फक्त कार्डाने स्वतःची ओळख ‘पक्की डिस्क’ अशी द्यायला हवी. कॅमेऱ्यासाठीची बरीच कार्डं ‘काढता येणारं माध्यम’ असं सांगतात आणि युनिट त्यांना नाकारतं.

मोठी डिस्क म्हणजे जास्त जागा?

आपोआप नाही. प्रत घेताना पार्टिशनचा तक्ताही जसाच्या तसा येतो. ४० जीबीची प्रत १२० जीबीवर उतरवली तर ८० जीबी रिकामे पडून राहतात. क्यूएनएक्सची पार्टिशन नेहमीच्या साधनांनी वाढवता येत नाहीत, आणि काही युनिटमध्ये आकार सॉफ्टवेअरमध्येच ठरलेले असतात. एसएसडीवर ही रिकामी जागा वाया जात नाही. जुनी कार्यप्रणाली ट्रिमचा, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली हे सांगणारा, आदेश देत नाही, तेव्हा कंट्रोलरला साफसफाई करायला हीच मोकळी जागा कामी येते.

उलट मोठेपणाचा त्रास होऊ शकतो. जुन्या कंट्रोलरचा पत्ता २८ बिटांचा असतो, म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर, ५१२ बाइटने गुणून साधारण १३७ जीबी. त्यापुढची डिस्क काही युनिट ओळखतच नाहीत. काही युनिट डिस्कची सेक्टरसंख्या मूळ आकड्याशी ताडून पाहतात. त्यावर उपाय एचडीपार्मच्या मोठ्या ‘एन’ पर्यायात आहे: नव्या डिस्कला आपली क्षमता कमी सांगायला लावता येतं. ४० जीबीच्या डिस्कचे ७,८१,४०,१६० सेक्टर असतील तर नवीलाही तोच आकडा द्या. जुन्या डिस्कचाही हा आकडा आधी बघा. निर्मात्याने तिचा काही भाग असाच लपवलेला असेल तर साधी प्रत तो भाग गाळते.

प्रत नव्यावर उतरवून झाली की तितकेच सेक्टर परत वाचून मूळ फाइलशी शा-२५६ बेरीज (मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) जुळवा. जुळली नाही तर युनिट उघडायची गरजच नाही. केबल किंवा ॲडॅप्टर बदलून पुन्हा उतरवा.

बसवल्यावर काय बिघडतं

स्क्रू एम३ मापाचे असतात आणि डिस्कमध्ये सुमारे ३ मिलिमीटरच जायला हवेत. लांब स्क्रू बोर्डात घुसतो. फिरणारी डिस्क असेल तर रबरी ठोकळे मूळचेच, फाटलेले नकोत, आणि घट्ट आवळू नका. झोळा घट्ट झाला की हादरा थेट हेडपर्यंत पोहोचतो. ॲडॅप्टरची उघडी मागची बाजू पत्र्याला टेकत असेल तर मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पट्टी) लावा.

चिन्हावरच अडलं तर क्रमाने पाहा. जंपर. मग कनेक्टर एका पिनने सरकलेला. मग सेक्टरसंख्या. मग कुलूप: काही युनिट कुलूप नसलेली डिस्क घेतात, काही मूळ पासवर्डच मागतात. काही मॉडेल किंवा क्रमांकही तपासतात, आणि त्यांच्यासाठी त्याच मॉडेलची डिस्क लागते.

सुरू होतं पण मध्येच थिजतं, हा वेगळा रोग. नवी एसएसडी वेगवान मोड मान्य करते, युनिटची जुनी पट्टी केबल तो पेलत नाही आणि बिट चुकतात. एसएसडीच्या आरोग्यनोंदीत १९९ क्रमांकाचा आकडा वाढलेला दिसला तर कारण हेच. निर्मात्याच्या साधनाने तिचा वरचा मोड यूडीएमए २ वर, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीवर, बांधून टाका. मूळ डिस्क सरासरी तितकंच देत होती, त्यामुळे वापरात काही हरवत नाही.

तपासणी गाडी बंद ठेवून पाच मिनिटांत उरकू नका. गार इंजिनाने एकदा, तासभर उन्हात उभी केल्यावर एकदा, आणि खराब रस्त्यावर गाणं व मार्गदर्शन दोन्ही चालू ठेवून एकदा. नकाशा अद्ययावत करायचा असेल तर तो या तीनही चाचण्यांनंतर, आणि बॅटरीला चार्जर जोडून. मध्येच व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेली डिस्क उरते.

जुनी डिस्क पुसू नका, विकूही नका. तिच्यावर घरचा पत्ता, गेलेल्या ठिकाणांची यादी आणि फोनमधून उतरलेली नावं असतात. शिवाय काही युनिटमध्ये पुढच्या नकाशाचा परवाना मूळ डिस्कच्या क्रमांकावर दिला जातो, तेव्हा ती पुन्हा लागू शकते. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर तारीख, गाडीचा क्रमांक आणि प्रतीच्या फाइलचं नाव लिहा, आणि ती फाइल दुसऱ्या एका ठिकाणीही ठेवा.